कसर

खिडकी बंद करू या, मी म्हणाले.
कशाला, म्हणाला फाउस्तो आरिसाबालागा,
चार वाजता सुऱ्यांना धार लावणारा येतो,
त्याच्या बासरीशिवाय हा तुकडा
मी स्वतःसुद्धा कधी ऐकलेला नाही.

मोन्तेविदेओ. जून, म्हणजे हिवाळा.
नदीवरची ओल भिंतीच्या रंगाखाली फुगलेली.
गॅरेजात दोन पियानो, वादक एकही नाही.
हातोड्यांच्या लोकरीवर त्याने चामडं चढवलं होतं,
चामड्यात चांभाराकडचे खिळे.
आवाज कसा, तर पत्र्यावर
कुणी मूठमूठ वाटाणे फेकतंय
आणि प्रत्येक वाटाण्याला आपला सूर पाठ आहे.

मी रेडिओतली. मायक्रोफोन कुठे ठेवायचा
ते मला वादकाच्या खांद्यांवरून कळतं.
इथे खांदे नव्हते.
स्टूल होतं, त्यावर मांजर.

मग भाते फुगले, कागद सरकू लागला.
खालचा हात (हात नव्हेच,
पण दुसरा शब्द सापडत नाही)
चार पावलं टाकी तेवढ्यात वरचा पाच टाकी,
आणि मधला, सात की साडेसात,
शेवटपर्यंत मला मोजता आला नाही.
तिघं एकमेकांकडे न बघता
एकाच उंबऱ्यावर येऊन आदळले.
साडेतीन मिनिटं.
अकरा महिने तो भोकं पाडत होता.
दिवसाला एक सेकंद होतो, म्हणाला,
तब्येत बरी असली तर.

पुन्हा घेऊ या का एकदा?
मी आपलं सवयीने विचारलं.
तो पियानोकडे बघून म्हणाला,
हा काही सुधारणार नाही.

*

एकोणीस वर्षांनी दोन्या एर्मिंदाने बोलावलं.
गुंडाळ्या पलंगाखाली, बिस्किटांच्या डब्यांत,
आणि कागदाला कसर लागलेली.
वाजवून पाहिलं.
जिथे जिथे कसर होती
तिथे नेमका एक सूर जास्त होता.
किड्याची भोकंही गोल, नेटकी.
खरं सांगायचं तर फाउस्तोच्याहून नेटकी.

माझी टेप तेवढी शाबूत.
मग आम्ही दोघी बसलो:
थोडी टेप, थोडा कागद,
थांब, मागे जा, पुन्हा.
टेपवर नाही तो सूर किड्याचा.
ती पिठाच्या खळीत ब्रश बुडवायची,
नखाएवढी चिकटपट्टी लावायची,
वर फुंकर घालायची,
मुलाच्या गुडघ्याला घालावी तशी.

दोन मिनिटं चाळीसवर एक उंच सूर.
कुठल्याच रांगेत न बसणारा.
हा किड्याचाच, ती म्हणाली, ब्रश उचलला.
मी टेप लावली.
टेपवरही तो होता.
आणि त्याच्या मागोमाग, अगदी बारीक,
नाकातून निसटलेलं हसू.
माझं नव्हे. मांजराचं तर नव्हेच.

म्हणजे तेव्हाही कीड होती?
की पंच घसरला एखाद्या बऱ्या नसलेल्या दिवशी
आणि त्याने राहू दिला, महिनोन् महिने,
कुणी विचारतंय का बघत?
मी विचारलं नव्हतं.
मी सुयांवर डोळे लावून बसले होते.

एर्मिंदाने ब्रश वाटीच्या काठावर टेकवला.
टेप चालूच राहिली,
आणि शेवटाच्या जरा आधी
ती बासरी आली, खालून वर, वरून खाली,
गल्लीतून, एकोणीस वर्षांपलीकडून.
ती उठली. खणातून मोठी सुरी काढली,
अॅप्रनला हात पुसत फाटकापर्यंत गेली.
मी हाक मारायला हवी होती.

परत आली तेव्हा सुरी हातातच.
गेला वाटतं, म्हणाली,
आणि त्याच सुरीने पुढची पट्टी कापायला लागली.
कागद कापला जाईना, नुसता चुरगळत होता.